दिलेलं रक्त निर्मळ पोचलं पाहिजे

(बोदवड येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून आपल्या विहारात रक्तदान शिबिर चालू आहे. समितीने मला सांगितले की, रक्तदानावर दोन शब्द बोला. मी काही डॉक्टर नाही. जिनिंग मिलमधला कामगार माणूस. जे शिकलो ते वाचनालयात आणि माणसांना विचारून शिकलो. पण बाबासाहेबांनी आपल्याला शिका असं सांगितलं, ते फक्त कॉलेजात जाणाऱ्यांना सांगितलेलं नाही. म्हणून या विषयावर जे वाचलं, समजून घेतलं, ते आपल्यापुढे ठेवतो.

रक्तदान हे श्रेष्ठ दान, ही घोषणा आपण भिंतीवर वाचतो. ती खरीच आहे. मी आज तिच्या पुढचं बोलणार आहे. आपण रक्त देतो, पिशवी भरते, बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळतं, आपण घरी जातो. काम संपलं असं वाटतं. पण ती पिशवी पुढे कोणाच्या तरी लेकराच्या अंगात जाते. तिच्यातून त्या लेकराला जीव मिळतो की रोग, हा प्रश्न आपण विचारत नाही. दान देणाऱ्याने तो विचारला पाहिजे, आणि घेणाऱ्याने तर नक्कीच विचारला पाहिजे.

मे २०२२ मध्ये नागपूरची बातमी आली होती. थॅलेसेमिया या आजाराची चार मुलं. या आजारात अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर दोन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागतं. त्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघडकीला आलं, त्यातलं एक मूल दगावलं. रक्तातूनच हे झाल्याचा संशय आला. आरोग्य खात्याने चौकशी लावली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. त्याआधी २०११ मध्ये गुजरातेत जुनागडला थॅलेसेमियाची २३ मुलं अशीच एचआयव्हीबाधित निघाली होती. या मुलांचा दोष काय? जगण्यासाठी रक्त घेतलं, एवढाच.

तुम्ही म्हणाल, थॅलेसेमिया आपल्यात फारसा नाही, आपल्याला काय त्याचं? तर ऐका. थॅलेसेमियाचा सख्खा भाऊ म्हणावा असा दुसरा आजार आहे, सिकलसेल. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं. हा आजार आपल्या सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांत आहे, नंदुरबार-धुळ्याकडे आहे, आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही पुष्कळ आहे. आपलं बोदवड विदर्भाच्या उंबरठ्यावर. आपल्या सोयरिकी मलकापूर, अकोला, नागपूरपर्यंत. लेकी तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या. तेव्हा हा प्रश्न परक्याचा नाही, आपल्या घरातला आहे. सिकलसेलच्या कितीतरी रुग्णांना आयुष्यात पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागतं. बाळंतपणात अडलेल्या बाईला लागतं, अपघातात लागतं, ऑपरेशनला लागतं. गरिबाला तर पटकन लागतं, कारण गरिबाचं रक्त आधीच कमी.

आता हे रक्त सुरक्षित कसं करतात ते सांगतो. यात तीन राखणदार आहेत. पहिला राखणदार म्हणजे रक्त देणारा माणूस. दुसरा म्हणजे तपासणी. आणि तिसरा नवा आहे, तो म्हणजे रक्तातले रोगजंतूच निकामी करून टाकण्याचं तंत्र. आपल्याकडे पहिल्या दोघांची नावं माहीत आहेत, तिसऱ्याचं फार थोड्यांना. आज मला मुख्यतः या तिसऱ्याबद्दल सांगायचं आहे. पण पहिल्या दोघांशिवाय तो समजणार नाही.

पहिला राखणदार. एक काळ असा होता की आपल्या देशात रक्त विकलं जायचं. हातावर पोट असलेला माणूस, व्यसनात सापडलेला माणूस, आठ-पंधरा दिवसांनी जाऊन बाटलीभर रक्त विकून यायचा. त्याला पैशाची गरज, म्हणून तो आपला आजार लपवायचा. अंगात रक्त नाही तरी द्यायचा. कॉमन कॉज या संस्थेने सुप्रीम कोर्टात दाद मागितली. ४ जानेवारी १९९६ ला कोर्टाने निकाल दिला, आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याला देशात बंदी आली. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा त्याच निकालातून उभ्या राहिल्या. मित्रांनो, जगभरचा अनुभव असा आहे की विकलेल्या रक्तापेक्षा मनाने दिलेलं रक्त जास्त सुरक्षित असतं. कारण मनाने देणाऱ्याला खोटं बोलण्याचं कारण नसतं. दान आणि विक्री यातला फरक तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितला. तोच फरक रक्ताच्या पिशवीत सुद्धा दिसतो.

दुसरा राखणदार, तपासणी. प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे: एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. एखादी पिशवी सदोष निघाली तर ती नष्ट करतात. या तपासणीने लाखो जीव वाचवले आहेत, यात शंका नाही.

पण तपासणीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, जंतू अंगात शिरला म्हणजे लगेच तो तपासणीत दिसतो असं नाही. मधले काही दिवस माणूस बाधित असतो, त्याचं रक्त दुसऱ्याला रोग देऊ शकतं, पण तपासणी म्हणते की सगळं ठीक आहे. डॉक्टर लोक याला विंडो पिरियड म्हणतात. आपण त्याला आंधळे दिवस म्हणू. एचआयव्हीच्या बाबतीत नेहमीच्या एलायझा तपासणीला हे आंधळे दिवस साधारण दोन ते तीन आठवडे असतात. हिपॅटायटीस सी मध्ये दोन महिन्यांपर्यंत जातात. नॅट नावाची महागडी तपासणी आहे, ती थेट विषाणूचं बीज शोधते. तिने एचआयव्हीचे आंधळे दिवस दहा-अकरापर्यंत खाली येतात, हिपॅटायटीस सी चे आठवडाभरावर येतात. कमी होतात, पण शून्य होत नाहीत. आणि ही नॅट तपासणी देशात सगळीकडे सक्तीची नाही. मोठ्या शहरात काही ठिकाणी होते, तालुक्याच्या माणसाच्या वाट्याला येईलच असं नाही.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी. तपासणी फक्त तेच शोधते जे शोधायला तुम्ही तिला सांगितलं आहे. पाच रोग सांगितले, ती पाच शोधते. सहावा आला तर? डेंग्यू आला, चिकुनगुन्या आला, उद्या अजून काही नवीन आलं तर? एचआयव्ही सुद्धा एके काळी नवीनच होता. आपल्या देशात तो १९८६ मध्ये पहिल्यांदा सापडला, रक्ताची सक्तीची तपासणी १९८९ पासून टप्प्याटप्प्याने आली. तोवर तो किती पिशव्यांतून गेला असेल?

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात काय झालं बघा. तिथे १९७० पासून १९९१ पर्यंत रक्तातून आणि रक्तापासून बनवलेल्या औषधातून ३० हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटीसची लागण झाली. सुमारे ३ हजार माणसं मेली. त्याच्या सरकारी चौकशीचा अहवाल यायला २० मे २०२४ उजाडलं. हिमोफिलियाच्या लहान मुलांना जे औषध म्हणून दिलं जात होतं, ते हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेलं असायचं. त्यात एक जण बाधित असला की सगळा घाणा नासला.

इथून तिसऱ्या राखणदाराची गोष्ट सुरू होते. आपण शेतकरी-शेतमजुरांची पोरं. पेरणीच्या आधी बियाण्याला औषध चोळतात, बीजप्रक्रिया करतात, हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. ज्वारीचा एकेक दाणा काचेखाली धरून याच्यात काणी आहे की नाही असं कोणी तपासत बसत नाही. सगळ्याच बियाण्याला औषध लावून मोकळे होतात. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तेव्हा प्रत्येक घागर तपासत नाहीत. दूध तापवतो, तेव्हा या दुधात कोणता जंतू आहे हे विचारत नाही. जो असेल तो मेला पाहिजे. रक्ताचं असंच करता आलं तर? कोणता जंतू आहे ते माहीत असो वा नसो, आंधळे दिवस असोत वा नसोत, सगळेच निकामी करून टाकायचे.

अडचण एकच. रक्त दुधासारखं उकळता येत नाही. उकळलं तर गोठून जाईल. जंतू मेला पाहिजे आणि रक्त जिवंत राहिलं पाहिजे, असं काहीतरी पाहिजे.

आमच्या जिनिंगमध्ये कापूस रेच्यात घातला की रुई वेगळी होते, सरकी वेगळी होते. तसंच रक्ताची पिशवी यंत्रात गरागरा फिरवली की तिचे तीन भाग होतात. तांबड्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या, आणि पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा वेगळा. तांबड्या पेशी थंड कपाटात पाच-सहा आठवडे राहतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवतात. प्लेटलेट मात्र थंडीत खराब होतात, म्हणून त्या २० ते २४ अंशांवर, सारख्या हलवत, पाचच दिवस ठेवता येतात. एका पिशवीतून तिघांचा जीव वाचतो तो असा. आणि रोगजंतू निकामी करण्याची युक्ती सुद्धा या तीन भागांसाठी वेगवेगळी निघाली.

सर्वात आधी प्लाझ्माच्या औषधांवर उपाय सापडला. १९८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रक्त केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट हेरली. एचआयव्ही आणि हिपॅटायटीस बी, सी या विषाणूंच्या अंगावर चरबीचं आवरण असतं. कोरोनाच्या वेळी आपण साबणाने हात का धुत होतो? साबण ती चरबी फोडतो, विषाणू मरतो. तसंच त्यांनी प्लाझ्मात द्रावक आणि साबणासारखं द्रव्य घातलं, चरबी विरघळली, विषाणू निकामी झाले, मग ते द्रव्य काढून टाकलं. त्याच सुमारास औषधाला उष्णता देण्याची रीतही आली. तेव्हापासून हिमोफिलियाच्या औषधातून एचआयव्ही जाणं जवळपास थांबलं.

दुसरी युक्ती प्लेटलेट आणि प्लाझ्मासाठी, आणि ती ऐकून तुम्हाला आपल्या गावच्या वैद्याची आठवण येईल. अंगावर पांढरे डाग आले तर जुने लोक बावची लावून उन्हात बसायला सांगायचे. त्या बावचीच्या बियात सोरालेन नावाचं द्रव्य असतं. एकटं ते फार काही करत नाही, पण त्यावर ऊन पडलं की जोरात काम करतं. त्याच जातीचं एक द्रव्य शास्त्रज्ञांनी बनवलं, त्याचं नाव अमोटोसालेन. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याचं बीज असतं, शिडीसारखं. त्या बीजाची नक्कल करून जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतो. अमोटोसालेन त्या शिडीच्या पायऱ्यांत जाऊन बसतं. मग पिशवीवर काही मिनिटं अतिनील किरण सोडले की, ते तिथे सांधा मारल्यासारखं पक्कं चिकटतं. शिडी उघडत नाही, नक्कल होत नाही, जंतू वाढत नाही. राहिलेलं द्रव्य गाळून काढतात आणि मगच रक्त रुग्णाला देतात.

मग प्लेटलेटला काही होत नाही का? होत नाही, कारण प्लेटलेट आणि तांबड्या पेशी यांच्यात हे बीजच नसतं. त्यांना वाढायचं नसतं, फक्त काम करायचं असतं. ज्याला वाढायचं आहे तोच यात अडकतो. निसर्गाने ठेवलेला हा फरक माणसाने ओळखला. मला तर हे वाचताना फार नवल वाटलं.

तिसरी युक्ती आपल्या जेवणातल्या जीवनसत्त्वाची. दुधात, अंड्यात, पालेभाजीत बी-२ जीवनसत्त्व असतं, त्याला रायबोफ्लेविन म्हणतात. ते रक्तात घालून अतिनील प्रकाश दिला की जंतूचं बीज तुटतं. ही रीत थेट अख्ख्या रक्तावर वापरून पाहिली ती आफ्रिकेतल्या घाना देशात, कुमासी शहराच्या मोठ्या दवाखान्यात. हे आपल्यासाठी महत्त्वाचं, कारण घाना आपल्यासारखाच गरीब, मलेरियाने गांजलेला देश. २०१६ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. ज्यांना प्रक्रिया न केलेलं, मलेरियाचे जंतू असलेलं रक्त मिळालं, अशा ३७ जणांपैकी ८ जणांना त्या रक्तातून मलेरिया झाला. प्रक्रिया केलेलं रक्त मिळालेल्या २८ जणांपैकी फक्त एकाला झाला. यातून काय कळतं? हे तंत्र फक्त श्रीमंत देशांचं खेळणं नाही. गरिबाला त्याची गरज जास्त आहे.

आणखी एक उदाहरण. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, फ्रान्सच्या ताब्यातलं. तिथे इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या काळात मळ्यांवर मजुरीला नेलेल्या भारतीयांचे वंशज मोठ्या संख्येने राहतात. २००५-०६ मध्ये त्या बेटावर चिकुनगुन्याने कहर केला. तोच ताप २००६ मध्ये आपल्या महाराष्ट्रात आला, गावंच्या गावं सांधे धरून बसली होती, आठवत असेल. त्या बेटावर रक्त गोळा करणं थांबवावं लागलं. बाकीचं रक्त फ्रान्सहून विमानाने आणता आलं, पण पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट कुठून आणणार? तेव्हा तिथल्याच लोकांच्या प्लेटलेट घेऊन त्यावर ही अमोटोसालेनची प्रक्रिया केली आणि रुग्णांना दिल्या. चिकुनगुन्याची तपासणी हाताशी नसताना तिसऱ्या राखणदाराने वेळ निभावली. पुढे स्वित्झर्लंडने २०११ पासून देशातल्या सगळ्या प्लेटलेटवर ही प्रक्रिया सुरू केली, फ्रान्सने २०१७ मध्ये. अमेरिकेने डिसेंबर २०१४ मध्ये तिला परवानगी दिली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे देवाच्या अंगाऱ्यासारखं होईल. या तंत्रालाही मर्यादा आहेत. चरबीचं आवरण नसलेले काही विषाणू, जसा काविळीचा हिपॅटायटीस ए आणि ई, यांना दाद देत नाहीत. प्लेटलेट थोड्या कमी पडतात, त्यामुळे कधी जास्त वेळा द्याव्या लागतात. खर्च वाढतो. आणि सगळ्यात मोठी अडचण तांबड्या पेशींची. त्या इतक्या गडद असतात की प्रकाश आत शिरत नाही. त्यांच्यासाठी प्रकाशाशिवाय चालणारं दुसरं द्रव्य घेऊन युरोप-अमेरिकेत चाचण्या झाल्या आहेत, पण ते अजून रोजच्या वापरात सर्वत्र आलेलं नाही. आणि आपल्या थॅलेसेमियाच्या, सिकलसेलच्या लेकरांना मुख्य लागतात त्या तांबड्या पेशीच. म्हणून हा तिसरा राखणदार आला की पहिल्या दोघांना सुट्टी, असं होणार नाही. तिघंही पाहिजेत. तथागतांनी कालामांना सांगितलं होतं की ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. विज्ञानाच्या बाबतीतही तेच खरं.

बंधू-भगिनींनो, इथपर्यंत ऐकून तुम्ही विचाराल, आम्ही बोदवडकरांनी काय करायचं? यंत्र तर आपल्या हातात नाही. मी सांगतो, आपल्या हातात पुष्कळ आहे.

पहिलं म्हणजे, रक्त देताना फॉर्म भरून घेतात, तो खरा भरा. कावीळ झाली होती का, ताप आला होता का, गेल्या वर्षात रक्त घेतलं का, अंगावर गोंदलं का, असुरक्षित संबंध आला का, हे विचारतात ते चौकशीसाठी नाही, तुमची अब्रू काढण्यासाठी तर नाहीच. ज्याच्या मनात शंका असेल त्याने सरळ सांगावं, आज मी देत नाही. मित्र रांगेत उभे आहेत, ते काय म्हणतील, या लाजेखातर दिलेलं रक्त कोणाच्या तरी लेकराचा जीव घेऊ शकतं. न देणं हे सुद्धा त्या दिवशी दानच आहे. आणि आपल्याला काही झालंय का हे पाहण्यासाठी रक्तदान करू नका. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते, नाव गुप्त ठेवतात. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर पाहिजे. पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायांनी चार महिन्यांनी परत द्यावं.

दुसरं, जो खरं सांगेल त्याला जवळ करा. गोव्यातली गोष्ट आहे. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण मनाने रक्तदान करायचा. १९८९ मध्ये त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, तर पोलिसांनी त्याला धरलं आणि क्षयाच्या जुन्या दवाखान्यात ६४ दिवस एकटा कोंडून ठेवलं. रक्त देणाऱ्याला गुन्हेगार केलं. तो खचला नाही. १९९२ मध्ये त्याने बाधितांसाठी संस्था काढली, आणि त्याच वर्षी तो गेला. ज्या समाजात खरं सांगणाऱ्याला असं वागवतात तिथे लोक खोटं बोलायला शिकतात, आणि ते खोटं शेवटी रक्ताच्या पिशवीत उतरतं. आता २०१७ चा कायदा आहे, एचआयव्ही बाधिताशी भेदभाव करणं बेकायदा आहे. पण अस्पृश्यता म्हणजे काय हे आपल्याला कायद्याच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. ज्यांनी ती भोगली त्यांनी ती दुसऱ्यावर लादू नये.

तिसरं, गरज नसताना रक्त चढवून घेऊ नका. अशक्तपणा आला, लाव एक बाटली, ही सवय वाईट. डेंग्यूत प्लेटलेटचा आकडा खाली आला की नातेवाईक डॉक्टरच्या मागे लागतात. रक्तस्राव नसेल तर बहुतेक रुग्णांना प्लेटलेट लागतच नाहीत, आकडा आपोआप वर येतो. जे रक्त चढवावं लागलं नाही ते सर्वात सुरक्षित. गरोदर बायांना सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या कोनाड्यात पडून राहतात. सासूबाईंनी, आत्याबाईंनी त्या रोज सुनेला आपल्यासमोर खायला लावाव्यात. नऊ महिने गोळ्या खाल्ल्या तर बाळंतपणात रक्तासाठी जळगावला धावण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही.

चौथं, लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करा. पत्रिका आपण बघत नाही, बघूही नये. पण रक्त बघा. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असणं हा आजार नाही, कमीपणा तर नाहीच. फक्त माहीत पाहिजे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार घेतले आहेत. प्रमाणपत्र काढा. मुलाला हिपॅटायटीस बी ची लस दिली आहे का ते बघा. आणि ज्याला वारंवार रक्त लागतं त्याच्या आई-बापाने रक्त केंद्रात विचारावं: साहेब, या पिशवीची कोणकोणती तपासणी झाली? नॅट झाली का? विचारणं हा आपला हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही.

पाचवं, संघटित होऊन मागणी करा. आपण रस्ता मागतो, नळ मागतो, सभागृह मागतो. आता हेही मागू या. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला आधीपासून आहे. खान्देशातल्या प्रत्येक पिशवीची नॅट तपासणी झाली पाहिजे. आणि ज्या मुलांना जन्मभर दुसऱ्याचं रक्त घ्यायचं आहे, त्यांना रोगजंतू निकामी केलेलं रक्त मिळावं म्हणून सरकारने सुरुवात केली पाहिजे, आधी प्लेटलेट आणि प्लाझ्मापासून, आणि तांबड्या पेशींचं तंत्र तयार झालं की लगेच त्याचंही. खर्च आहे, मान्य. पण एका लेकराला जन्मभर एचआयव्हीची औषधं देण्याचा खर्च कोणी मोजला आहे का? आणि आईच्या डोळ्यातल्या पाण्याचा हिशोब कोणत्या खात्यात मांडणार?

शेवटी एक सांगतो. अमेरिकेत चार्ल्स ड्र्यू नावाचे काळे डॉक्टर होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात प्लाझ्मा साठवून जखमींपर्यंत पोचवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा. पण त्याच देशाच्या रेड क्रॉसने काळ्यांचं रक्त आणि गोऱ्यांचं रक्त वेगळं ठेवलं, ते १९५० पर्यंत. रक्ताला जात नसते, हे सांगायला विज्ञान होतं, तरी मनातली जात जाईना. रक्ताच्या पिशवीवर ए, बी, ओ असा गट लिहितात, तो ओळखला कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली. पुढे १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. भेंडे यांनी एक अति दुर्मिळ गट शोधला, तो जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. या सगळ्या गटांत जातीचा रकाना कुठेच नाही. ज्याचा गट जुळतो तो आपला रक्ताचा भाऊ.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या १७ व्या लेण्यात शिबी राजाची जातककथा रंगवली आहे. मागणाऱ्याला त्याने आपले डोळे दिले. दान कसं असावं ते आपल्या पूर्वजांनी भिंतीवर लिहून ठेवलं. आणि विनयात अशी कथा आहे की एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने त्याला धुऊन स्वच्छ केलं. म्हणजे नुसतं देऊन भागत नाही. ज्याला द्यायचं त्याच्यापर्यंत ते निर्मळ पोचवावं लागतं. रक्त देणं हे दान. खरं सांगून देणं हे शील. आणि ते निर्मळ करण्याचं ज्ञान मिळवणं, मागणं, ही प्रज्ञा. तिन्ही मिळून धम्म होतो.

आज सकाळी ज्यांनी रक्त दिलं त्यांचं अभिनंदन. ज्यांना डॉक्टरांनी आज नको सांगितलं, त्यांचंही अभिनंदन, कारण त्यांनी खरं सांगितलं. शिबिराच्या शेवटी समितीने एक वही ठेवावी, आपल्या वस्तीतल्या ज्या घरात सिकलसेलचं मूल आहे, वारंवार रक्त लागतं, त्या घरांशी संबंध ठेवणाऱ्या तरुणांची. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत त्या मुलांना रक्तासाठी कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये, एवढी जबाबदारी आपण घेऊ शकतो. नॅट तपासणीच्या मागणीचं निवेदन मी लिहून ठेवलं आहे, ते बाहेर टेबलावर आहे. वाचून, समजून, मग सही करा.

 येथेच थांबतो.

नमो बुद्धाय. जय भीम.